पाण्याची गोळी

डॉक्टरीणबाईंनी वेणूच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर तिथे मळलेल्या पिठात पडावा तसा खड्डा पडला, तो भरून यायचं नावच घेईना. बाई आधी त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या, मग वेणूकडे.

"मावशी, गोळी घेता ना?"

"घेते."

"रोज?"

"रोज," वेणू म्हणाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली.

धादांत खोटं! आठवड्यात एक, तीही रविवारी, एवढीच गोळी वेणूच्या पोटात जात होती. बाकीच्या सहा कमरेला खोचलेल्या कापडी पिशवीत जमत होत्या. औषध नाल्यात टाकायला हात होईना आणि गिळायची तर सोय नाही, म्हणून तिने ती पिशवी शिवली होती. तीन महिन्यांत पिशवी मुठीएवढी झाली होती.

दुखणं साधंच होतं, म्हणजे सुरुवातीला. बीपी वाढलेलं, पाय सुजलेले, चपलेचा अंगठा पायात रुतायचा. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच नीट समजावलं होतं की अंगात पाणी साठतंय, ही गोळी ते लघवीवाटे बाहेर काढेल, सकाळी चहानंतर घ्यायची आणि चार-पाच वेळा जावं लागलं तर घाबरायचं नाही. नाही घेतली तर पाणी वर चढेल, छातीत जाईल, मग झोपल्यावर श्वास मिळणार नाही. वेणूने मान डोलावली होती. पाच वेळा जायचं म्हणजे कुठे जायचं, ते बाईंनी विचारलं नाही आणि वेणूने सांगितलं नाही.

कारण वेणू कामाला होती उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या एका गाळ्यात. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला तिचं घर, तिथून शेअर रिक्षा. काम धागा कटिंगचं. शिवून आलेल्या पँटला जे धागे लोंबतात ते कटरने, म्हणजे चिमट्यासारख्या छोट्या कात्रीने, साफ कापायचे. गोणपाटावर बसून अकरा जणी दिवसभर हेच करायच्या. पंधरा वर्षं झाली होती वेणूला, बोटांच्या पेरांतला निळा रंग आता जायचा नाही. पण खिडकीजवळची जागा तिची होती, आणि कापडाला धक्का न लावता टाक्याच्या पोटातून धागा उचलावा तर वेणूनेच, असं शेठसुद्धा म्हणायचा.

त्या गाळ्यात बायकांसाठी एकच संडास होता, जिन्याच्या वळणावर. त्याला कुलूप. पुरुषांच्या संडासाला कुलूप नाही हां, बायकांच्याच! किल्ली सुपरवायझर श्यामकांतच्या कमरेला, जीन्सच्या चिंधीने बेल्टच्या लुपात बांधलेली. वरच्या मजल्यावरचे लोक येऊन घाण करतात, हे त्याचं कारण. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बाया आत जाऊन मोबाईलवर बोलतात असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून नियम असा की जेवणाआधी दोनदा आणि जेवणानंतर एकदा. किल्ली मागायला जायचं ते मशीनवाले, प्रेसवाले, सगळ्यांच्या समोरून.

गोळी सुरू झाली त्या पहिल्या सोमवारी वेणू जेवणाआधी चार वेळा उठली, नियमावरच्या दोन वेळा गयावया करून. चौथ्या वेळी श्यामकांतने किल्ली द्यायच्या आधी हातातल्या हातात फिरवली आणि मोठ्याने विचारलं, "मावशी, नळ लीक झालाय काय?" प्रेसवाले दात काढून हसले. पस्तीस वर्षांचा बाप्या, आपल्या मुलाहून, भूपेशहून, लहान, आणि हे बोलणं! वेणूच्या कानशिलापर्यंत आग गेली. पण ती गेली, आली, मान खाली घालून धागे कापत बसली.

मंगळवारी तिने गोळी संध्याकाळी घरी आल्यावर घेऊन बघितली. रात्रभर उठबस, नातवंडं जागी झाली, नवरा करवादला, आणि दुसऱ्या दिवशी पेंगता पेंगता तिने एका पँटचा खिसाच कापला. तेव्हा ठरवलं की कामाच्या दिवशी गोळी नाही. पाणीसुद्धा नाही, सकाळचा अर्धा कप चहा तेवढा.

आता कोणी म्हणेल, घरी सांगायचं ना! कोणाला सांगायचं? मुलगा भूपेश आधीपासून टपूनच होता, "आई, बस झालं आता, घरी बस." घरी बसणं म्हणजे काय ते वेणू रोज बघत होती. नवरा हरिचंद्र कंपनी बंद पडल्यापासून घरीच होता, टीव्हीसमोर, सकाळपासून एकाच खुर्चीत. त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून मरायची वाट बघायची? वेणूला ते मान्य नव्हतं. गोळी झेपत नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी काम सुटलंच असतं. म्हणून सकाळी सून करिष्मा गोळी हातावर ठेवायची, वेणू मान मागे टाकून घोटभर पाणी प्यायची, आणि गोळी मुठीत तशीच राहायची.

मग व्हायचं तेच झालं. सूज उतरेना, बीपी उतरेना. डॉक्टरीणबाईंनी गोळी दुप्पट केली आणि मीठ बंद करायला सांगितलं. करिष्मा पोरगी करारी. तिने एकट्या सासूचं नाही, आख्ख्या घराचं मीठ काढलं. पापड गेला, लोणचं गेलं. वेणूच्या माहेराहून भावाने पाठवलेला सुकटीचा डबा आणि सुके बोंबील तिने शेजारणीला देऊन टाकले, वेणूच्या डोळ्यांदेखत! हरिचंद्र पहिला घास तोंडात घालून ताटाकडे बघत बसायचा.

"हे काय जेवान हाय? गुरांना पन मीठ घालतान."

"बाबा, आईंसाठी आहे ना," करिष्मा म्हणायची. "आणि आई, तुम्ही कामावर काय खाता? कोण देतं तुम्हाला बोंबील? एवढं अळणी खाऊन पाय असे कसे?"

"कोणी नाही देत गं."

"मग पाणी काय हवेतून येतं?"

चोरून बोंबील खाणारी म्हातारी! हा आळ वेणूने तीन महिने अंगावर घेतला. तिखट उत्तर जिभेच्या टोकाशी यायचं आणि ती गिळायची. गोळी सोडून बाकी सगळं ती गिळत होती.

तर त्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, तो खड्डा बघून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रात्री वेणूला आडवं होता येईना, उशीला टेकून बसून काढावी लागली, हे करिष्माने सांगून टाकलं होतं.

"आता गोळी वाढवून उपयोग नाही," बाई म्हणाल्या. "हेच औषध इंजेक्शनने देते. उद्या उतार दिसला नाही तर ॲडमिट. आणि आज घरीच राहायचं, मावशी, सारखं जावं लागेल."

इंजेक्शन! ते काही मुठीत लपवता येत नाही. वेणूने दंड पुढे केला. भीती वाटली ती सुईची नव्हे, त्या कुलपाची.

करिष्माला आपलं पार्लर उघडायला जायचं होतं. तिने सासूला रिक्षात बसवलं, "सरळ घरी हां, आई," म्हणाली आणि गेली. वेणू पुढच्या नाक्यावर उतरली आणि उल्हासनगरच्या रिक्षात बसली. वेडेपणा होता का? होताच. पण त्या दिवशी चार वाजता माल निघायचा होता. मागच्या महिन्यात माल निघायच्या दिवशी काशी आली नाही, ताप होता बिचारीला. तिसऱ्या दिवशी आली तर तिच्या गोणपाटावर दुसरीच बसली होती. वेणूला खिडकीजवळ दुसरी कोणी बसलेली बघायची नव्हती.

गाळ्यात पोचल्या पोचल्या तिने किल्ली मागितली. श्यामकांतने दिली. अर्ध्या तासाने पुन्हा मागितली. त्याने भुवई उडवली, पण दिली. अंगातलं तीन महिन्यांचं पाणी जणू एकाच दिवशी वाट फोडत होतं. अकरा वाजता ती तिसऱ्यांदा उठली, कटर अंगठ्यातच अडकलेला, आणि त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"दोनदा झालं, मावशी."

"इंजेक्शन दिलंय रे डॉक्टरणीने. पाण्याचं."

"मग घरी झोपायचं ना! शेठने इथे हॉस्पिटल नाय उघडलं." तो खुर्चीत आणखी मागे रेलला. "चार बजे माल निकलना है, आणि तू इथे फेऱ्या मारते. एक वाजता सुट्टी होईल, तेव्हा घे किल्ली."

"एकपर्यंत नाही थांबणार ते."

"मग गाठ मारून बस," श्यामकांत म्हणाला.

पुन्हा ते हसणं. प्रेसवाले, मशीनवाले, सगळे. अकरा बायकांतली मात्र एकही हसली नाही.

पंधरा वर्षं वेणूने मान खाली घातली होती. त्या एका क्षणी तिला सगळं दिसलं. आपले सुजलेले पाय, उशीला टेकून काढलेली रात्र, शेजारणीच्या घरात गेलेला सुकटीचा डबा, हरिचंद्रचं अळणी ताट, डॉक्टरणीपुढे बोललेलं खोटं. हे सगळं कशापायी? या एवढ्याशा पितळी किल्लीपायी, जी या मेल्याच्या पोटावर लोंबत होती! तळपायाची आग मस्तकात गेली. वेणू वाकली आणि हात पुढे केला.

कच. कच.

श्यामकांत "ए, ए!" करत खुर्चीसकट मागे सरकला. त्याला वाटलं म्हातारीने पोटावरच वार केला. त्याच्या शर्टाला ओरखडासुद्धा नव्हता. जुनी विरलेली चिंधी तेवढी लुपाशी तुटली होती आणि किल्ली वेणूच्या मुठीत होती. पंधरा वर्षं हेच तर काम करत होती ती, लोंबणारं तेवढं कापायचं.

ती धावली. सुजलेल्या पायांनी जिन्याच्या वळणापर्यंत धावली. पण घाईत किल्ली कुलपात बसेना, उलटी गेली, पुन्हा काढली. कुलूप उघडलं तोवर उशीर झाला होता. अर्धं दारातच झालं.

आत बसून वेणू रडली. रागाने रडली, दातावर दात इतके दाबून, की तिचे जबडे दुखायला लागले. लुगड्याच्या निऱ्या भिजल्या होत्या, परकर पायाला चिकटला होता. नेहमीची वेणू असती तर एक वाजेपर्यंत तिथेच दडून बसली असती. पण लाज तिला शोधूनही सापडेना. ती उठली, बाहेर आली, कडीतलं कुलूप काढलं आणि किल्लीसकट जिन्याच्या खिडकीतून मागच्या नाल्यात भिरकावून दिलं. मग तशीच, ओल्या लुगड्याने, सगळ्यांच्या समोरून चालत श्यामकांतच्या टेबलापाशी गेली.

"उद्यापासून यायचं नाय!" तो ओरडला. "कात्री चालवते? मी पोलीस..."

"बघ," वेणू म्हणाली. तिने निऱ्या हातात धरून पुढे केल्या. "नीट बघ, मान फिरवू नको. हे मी नाही केलं. हे तू केलंस."

गाळ्यात मशीन बंद पडल्या. प्रेसवाले कुठे बघावं ते न कळून इस्त्रीकडे बघायला लागले. वेणूने कमरेची पिशवी काढली आणि त्याच्या टेबलावर, त्याच्या मोबाईलवर, उपडी केली. पांढऱ्या गोळ्या चहूकडे पसरल्या, काही जमिनीवर टपटपल्या.

"तीन महिने गिळल्या नाहीत. घरी खोटं बोलले, डॉक्टरणीला खोटं बोलले. काल रात्री श्वास मिळत नव्हता मला. मेले असते तर तुझी ही किल्ली गळ्यात घालून फिरणार होतास काय, हरामखोरा?"

तेवढ्यात मागे गोणपाट सरकल्याचा आवाज झाला. बनूबाई उठली होती. कुळगावची, साठीला आलेली, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"माझी बी हीच गोळी," ती म्हणाली. "मी बी रविवारीच घेते."

मग मनाली उठली. चाळिशीचीही नाही अजून, पण तिच्याही पर्समध्ये पट्टी. मग आणखी दोघी. अकरांतल्या पाच जणी! एकमेकींच्या मांडीला मांडी लावून वर्षानुवर्षं बसायच्या, सुनांच्या कागाळ्या सांगायच्या, आणि ही एक गोष्ट एकीनेही दुसरीला सांगितली नव्हती. वेणूला त्या पट्ट्या बघून आणखीनच संताप आला, या वेळी स्वतःचाही.

"मी जाऊन येते," बनूबाई म्हणाली आणि जिन्याकडे निघाली. तिच्यामागे मनाली गेली, मनालीमागे बाकीच्या.

"अरे, सगळ्या एकदम?" श्यामकांत किंचाळला. "माल कोण कापणार?"

"सगळ्यांनाच लागलीय," मनाली वळूनही न बघता म्हणाली.

त्याने शेठला फोन लावला. शेठचं बोलणं फोनबाहेर वेणूलाही ऐकू येत होतं. बायांचं काय ते नंतर बघ, आधी माल काढ, एवढंच तो तीनदा बोलला. श्यामकांतने फोन ठेवला आणि टेबलावरच्या गोळ्या हाताने एका बाजूला लोटायला लागला. वेणूने बनूबाईची जादा साडी नेसली आणि माल संपेपर्यंत बसून धागे कापले. मधे चार वेळा उठली, कोणाला न विचारता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहून तिने करिष्माला सगळं सांगितलं. करिष्माच्या हातातला डाव कढईत आपटला.

"म्हणजे तीन महिने आम्ही अळणी गिळतोय ते फुकटचं? आई, तुम्ही मेला असतात! मी रोज तुमच्या हातावर गोळी ठेवत होते, आणि तुम्ही मला मूर्ख बनवलंत!" ती रडायला लागली आणि रडता रडताच थांबली. "आणि कोण हा श्यामकांत?"

"सोड ते काम," बाहेरून भूपेश म्हणाला. "मी कधीचं सांगतोय."

"का सोडायचं?" करिष्मा त्याच्यावरच उलटली. "ह्यांनी सोडायचं आणि तो किल्ली कमरेला लावून तिथेच बसणार? वा!"

वेणूला सून आवडली, असं पहिल्यांदाच झालं असेल.

त्याच रात्री दवाखान्यात डॉक्टरीणबाईही भडकल्या. गोळी लागू पडत नाही म्हणून त्या वाढवत गेल्या होत्या, एखाद्या दिवशी वेणूने त्यांच्या सांगण्याप्रमाणे सगळ्या गिळल्या असत्या तर चक्कर येऊन पडली असती. त्यांनी पहिल्यासारखी एकच गोळी लिहून दिली, रोज सकाळी, आणि चुकलेल्या कधीही एकदम घ्यायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. मग चिठ्ठी फाडून वेणूच्या हातात दिली.

"मीठ खाता का ते मी दर वेळी विचारलं, मावशी," त्या म्हणाल्या. "संडास कुठे आहे ते विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय बरेच उतरले होते. चपलेचा अंगठा नीट बसला. चहा झाल्यावर करिष्माने गोळी पुढे केली आणि सासूच्या मुठीकडे बारीक नजर ठेवली.

"दे बांधून," वेणू म्हणाली. "तिथेच घेते."

करिष्माने गोळी कागदात बांधून दिली आणि एक लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरून सासूच्या पिशवीत ठेवली.

जिन्याच्या वळणावर नवं कुलूप होतं, आधीच्या दुप्पट मोठं. गाळ्यात श्यामकांत आपल्या खुर्चीत बसला होता आणि नवी किल्ली त्याच्या कमरेला स्टीलच्या साखळीने अडकवलेली होती. म्हणजे याला कालच्यातून एवढंच कळलं, की साखळी कापता येत नाही! वेणूचं रक्त पुन्हा तापलं. पण ती ओरडली नाही. टेबलासमोर जाऊन उभी राहिली, बाटली टेबलावर ठेवली, कागद उलगडला, गोळी दोन बोटांत धरून त्याला दाखवली आणि जिभेवर ठेवली. मग बाटली तोंडाला लावली आणि अर्धी संपेपर्यंत खाली ठेवली नाही. शेवटी तोंड उघडून त्याला आत बघू दिलं.

"दहा वाजलेत," ती म्हणाली. "अर्ध्या तासात लागेल."

तिच्यामागे बनूबाई उभी होती, हातात पट्टी घेऊन. बनूबाईमागे मनाली. पाचही जणींनी टेबलासमोर एकेक करून गोळी गिळली, वेणूच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि आपापल्या गोणपाटावर जाऊन बसल्या. वेणूने खिडकीजवळ बसून पहिली पँट मांडीवर ओढली.

श्यामकांत साखळीशी चाळा करत होता. मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा, मग त्या पाच जणींकडे, मग दाराजवळच्या जमिनीकडे. दहा वीस झाले. दहा पंचवीसला तो खुर्चीतून उठला, कोणाकडे न बघता जिन्याकडे गेला, आणि कुलूप उघडल्याचा आवाज गाळ्यापर्यंत आला.

वेणूला अजून लागलीही नव्हती.